मोठ्या मशीनचा पट्टा

अक्काला दवाखान्यात कुणी बोलावलं नव्हतं, म्हणूनच ती गेली.

सकाळी घरच्या तंबूच्या कारखान्यात पाऊल टाकलं तर बेतायच्या टेबलावर अर्धी कापलेली कनात तशीच पसरलेली, कात्री तिच्या पोटावर आ वासून पडलेली, आणि घरचं एकही माणूस जागेवर नाही. थोरला मुलगा, ज्याला सगळं घर दादा म्हणे, तो नाही. धाकटा नाही. परवाच माहेरी आलेली ताईसुद्धा नाही. एक गडी तेवढा खाली मान घालून तंबूच्या कडेला रिंगा ठोकत होता.

"कुठे उलथले सगळे?"

"थोरल्या वहिनींकडे. रक्त साफ करतात ना, तिकडे."

"रक्त एकटीचं साफ करतात की सगळ्या खानदानाचं?"

गडी हसला आणि हसल्याबद्दल लगेच घाबरला. कारखान्यात अक्काच्या पाठीमागे तिला 'दाभण' म्हणत, जाडातल्या जाड कापडातून आरपार जाते म्हणून. अक्काला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

तिने चपला घातल्या. आपल्याला वगळून काहीतरी ठरतंय, एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही.

ठरत होतं ते थोरल्या सुनेच्या मांडीचं. थोरलीला साखरेचा आजार लहानपणापासूनचा. परकराच्या वयात पोटाला सुई लावून घ्यायला शिकलेली पोर ती. त्या साखरेने आधी डोळ्यांना हात घातला, मग दोन्ही किडन्या खाल्ल्या, आणि दोन वर्षं झाली, दिवसाआड यंत्रावर रक्त धुऊन आणावं लागत होतं. तरी उरलेल्या दिवशी मोठ्या मशीनवर तीच बसायची. आणि एका सकाळी, चांगली चार पदरी शिवण मारता मारता, उजव्या मांडीत कुणी सुरा खुपसावा तशी कळ आली. संध्याकाळपर्यंत मांडी टरारून फुगली, दगडासारखी झाली.

आता तंबूवाल्यांच्या घरात मांडी भरून येणं म्हणजे काय नवलाई? दिवसभर लोखंडी पायडल मारायचं तर पाय बोलणारच. आणि त्यावर घरचा उपाय ठरलेला. कॅनव्हासचे चार पदर एकत्र येतात तिथे कापड लाकडासारखं होतं, सुई मोडते. मग ते लाकडी मोगरीने ठोकून, रगडून मऊ करायचं आणि मगच सुईखाली घालायचं. कापडाला जे लागू, तेच माणसाला. अक्काच्या सासूने अक्काला रगडलं होतं, अक्काने दोन्ही मुलांना. तिने थोरलीला चटईवर पालथी-उताणी करून मांडीवरून मोगरी फिरवली, चांगली जोर लावून. वर दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मशीनवर बस. चालवलं की मोकळं होतं."

थोरली बसली. दुपारी तिला उचलून उतरवावं लागलं. मांडी भिजलेल्या तंबूच्या गुंडाळीसारखी झाली होती, आणि आयुष्यभर सुयांना न डरलेली ती बाई तोंडात पदर कोंबून रडत होती.

दवाखान्याच्या त्या लांब खोलीत अक्का या दोन वर्षांत एकदाही गेली नव्हती. औषधाचा वास सोसत नाही, असं सांगायची. दारातच एक नर्स आडवी आली.

"एका पेशंटजवळ एकच नातेवाईक."

"मी एकच आहे. ते तिघं कोण उभे आहेत, मी ओळखत नाही."

नर्सने त्या तिघांकडे पाहिलं. तिघांचीही नाकं अक्काच्या नाकासारखी होती. ती बाजूला झाली.

थोरली कलत्या खुर्चीत आडवी होती. उजवी मांडी उशीवर ठेवलेली. डाव्या हातातून दोन नळ्या निघून शेजारच्या यंत्रात गेलेल्या, आणि त्यांतून तिचं रक्त सगळ्यांना दिसेल असं फिरत होतं. अक्काने ते एकदा पाहिलं आणि नजर तिच्या तोंडावर नेली.

"अक्का? तुम्ही इथे?"

"का, तिकीट लागतं?"

ताई पुढे झाली. "अक्का, बरं झालं आलीस. तूच सांग आता दादाला. उद्या सकाळी ऑपरेशनची वेळ मिळालीये आणि हा नुसता खांबासारखा उभा. आमच्या शेजारच्या बाईंचं असंच झालं. आज बघू, उद्या बघू करता करता पाय गेला."

"कसलं ऑपरेशन?"

"मांडीत पू झालाय," धाकटा म्हणाला. "माझा शाळेतला मित्र आहे ना, सर्जन, त्याने बघितलं. म्हणतो, उघडल्याशिवाय आत काय आहे ते नक्की कळणार नाही."

अक्काला हे बोलणं ओळखीचं वाटलं, घरातलंच. "बरोबर बोलतो. तंबू गळायला लागला तर शिवण उसवूनच बघावी लागते."

"पण किडनीच्या डॉक्टरबाई म्हणतात..." दादा पुटपुटला.

"काय म्हणतात? तोंडात मेण आहे का तुझ्या?"

"म्हणतात, कापू नका. पू नाही. नुसतं पडून राहायचं."

"पडून राहून कुणाचं काय बरं झालंय?" ताई म्हणाली. "वहिनी, तूच बोल बाई."

थोरलीने डोळे मिटले होते. "कापू दे," ती म्हणाली. "कापतील, टाके घालतील, पंधरा दिवसांत मशीनवर बसेन. माझं काही म्हणणं नाही."

"बघ!" धाकटा म्हणाला.

अक्का मात्र थोरलीकडे बघत राहिली. माणूस पायाचं बोलताना पायाचं बोलतं. ही मशीनचं का बोलली?

तेवढ्यात किडनीच्या बाई आल्या. बुटक्या, कानावर पेन खोवलेलं, चालताना सपाता वाजत. त्यांनी ती सगळी नाकं एका नजरेत मोजली. "आज संपूर्ण कारखाना बंद वाटतं? बसा आजी."

"आजी मी माझ्या नातवंडांची. तुम्ही अक्का म्हणा. आणि मला सांगा, पू नाही तर आत आहे काय?"

बाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. "मेलेला स्नायू आहे, अक्का. मांडीच्या मांसाला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या इतक्या वर्षांच्या साखरेने अरुंद झाल्यात. एके दिवशी एका भागाला रक्त पोचलंच नाही. तो तुकडा मेला, आणि त्याच्याभोवती सूज आली. साखर जुनी आणि किडन्या गेलेल्या, अशा माणसांना कधीतरी होतं हे. क्वचितच. म्हणून पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही."

"हे तुम्हाला न उसवता कसं दिसलं?"

"त्या मोठ्या नळीत घालून फोटो काढला ना, त्यात दिसलं. किडन्यांमुळे शिरेत औषध न घालता काढावा लागला, तरी पुरेसं दिसलं. त्याआधी शिरेत गुठळी आहे का बघितलं. नाही. ताप नाही. रक्तात जंतूंची खूण नाही."

"म्हणजे माझा मित्र मूर्ख?" धाकट्याचे कान लाल झाले.

"अजिबात नाही. अशी मांडी बघून कुणालाही आधी पूच आठवेल. मी आज सकाळीच त्यांच्याशी बोलले. तेही आता थांबायला तयार आहेत, पण वेळ तुम्ही मागितली होती, रद्दही तुम्हीच करायची."

"आणि तरी कापलं तर?" ताईने विचारलं.

"यांची जखम सहज भरत नाही. ज्यांचं कापलं, त्यांना बरं व्हायला जास्त दिवस लागलेत, आणि वर चिघळण्याची भीती. न कापता, पडून राहून, दुखण्यावर औषध घेऊन, साखर ताब्यात ठेवून हे बहुतेकांचं आपोआप निवतं."

"आणि चोळलं तर?" अक्काने विचारलं.

दादा छताकडे बघू लागला. ताई खिडकीकडे. धाकट्याला अचानक आपल्या बुटाची नाडी आठवली.

"चोळायचं नाही, दाबायचं नाही, आत्ता व्यायामसुद्धा नाही. का? कुणी चोळलं?"

"मी. मोगरीने. आणि वर मशीनवर बसवली. आता पुढचं बोला."

"तुकडा मोगरीने मेला नाही, अक्का. तो आधीच गेला होता. सूज वाढली असेल तुमच्या जोरामुळे. हात आवरलात की झालं."

"किती दिवस?"

"काही आठवडे. जास्तही लागतील. मी पैज मारत नाही. मधे ताप आला, कातडीचा रंग बदलला, दुखणं एकदम वाढलं तर तडक घेऊन या, तेव्हा मी स्वतः सुरी मागेन."

"एकदा बरं झालं की संपलं ना?"

"पुन्हा होऊ शकतं. दुसऱ्या मांडीतही. खोटं सांगून तुमच्याकडून चहा नाही प्यायचा मला."

अक्काला ही बाई आवडली. तोंडावर बोलणारी माणसं तिला स्वतःखेरीज फारशी भेटली नव्हती.

"नको," थोरली खुर्चीतून म्हणाली. आवाज बारीक होता, पण धार होती. "आठवडेच्या आठवडे नको. कापाच. सही मी करते."

"अगं पण बाई एवढं सांगतायत..." दादा म्हणाला.

"अहो, पाय माझा आहे ना?"

"तुम्ही तिघं बाहेर जा," अक्का म्हणाली. "नर्सबाई कधीच्या डोळे वटारतायत. नियम म्हणजे नियम."

खोलीत यंत्रांची घरघर तेवढी उरली. अक्काने स्टूल ओढलं. गुडघे कुरकुरले.

"बोल आता."

"काय बोलू?"

"पाय कापून घ्यायची एवढी हौस कुणाला असते गं? मला तर साधी दाढ काढायला चार माणसं धरायला लागली होती."

थोरलीला हसू आलं, पण ते ओठांवर पोचायच्या आधीच मोडलं. "तुम्हाला कळत नाही असं नाही, अक्का. आठवडे म्हणजे मशीन गेलं."

अक्काने स्टूल आणखी जवळ ओढलं.

त्या घरात तंबू बेतायचे ते पुरुषांनी, उभारायचे तेही पुरुषांनी. पण मोठं मशीन बायकांचं. आणि जिच्या पायाखाली मोठं मशीन तिचा शब्द शेवटचा. कुठलं काम घ्यायचं, कुठलं सोडायचं, कुणाच्या पोराला कामावर ठेवायचं, ते तीच सांगणार. मशीन एकदा रिकामं राहिलं आणि त्यावर दुसरी बसली की शब्द तिचा. उठलेलीला परत मागायची सोय नाही. अक्काच्या सासूचं मनगट मोडलं तेव्हा अक्का बसली होती. म्हातारी हात बरा करून आली, तर सून उठली नाही. पुढे मरेपर्यंत ती आपल्याच घरात पाहुण्यासारखी, 'कुठे बसू?' असं विचारत राहिली. अक्का ही गोष्ट लग्नाकार्यात रंगवून सांगायची. स्वतःचे गुडघे गेले तेव्हा तिने मशीन थोरलीला दिलं, तेही असंच, एका झटक्यात.

"तुम्हीच सांगता ना ती गोष्ट," थोरली म्हणाली. "धाकट्या जावेने परवा मोठ्या मशीनची सुई बदलून बघितली. ताई तिच्या शेजारी उभ्या होत्या. माझी खोली स्वयंपाकघराला लागून आहे, अक्का. पाय गेलाय माझा, कान नाहीत गेले. डोळे अधू, किडन्या गेल्या, आता हा पाय. त्या मशीनवर बसते तेवढा वेळ मी या घरातली थोरली. उतरले की आजारी बाई."

अक्काची नजर नळ्या लावलेल्या हातावर गेली. एवढा वेळ, एवढं सगळं बोलताना, तो हात तसूभरही हलला नव्हता.

"हा हात असाच ठेवायचा?"

"चार तास."

"आणि हलला तर?"

थोरलीने कोपर जरासं हलवलं. यंत्र कर्कश ओरडायला लागलं. नर्स धावत आली, बटण दाबून, दोघींकडे रागाने बघून गेली.

"अगं बाई! हे तर माझ्यापेक्षा तोंडाळ आहे."

"थोडंसंच," थोरली म्हणाली, आणि आता मात्र हसली.

अक्का त्या हाताकडेच बघत होती. आयुष्यभर तिचं एकच म्हणणं होतं, पडून राहतो तो आळशी. आणि ही पोरगी गेली दोन वर्षं दिवसाआड इथे येऊन, हात न हलवता, जगायचं काम करत होती. तेही मशीनच. त्यावर बसायचं नसतं, त्याच्याजवळ पडायचं असतं, एवढाच फरक.

"ऐक," ती म्हणाली. "पट्टा तुझ्या उशाशी राहील."

"कसला पट्टा?"

"मोठ्या मशीनचा. पट्ट्याशिवाय चाक फिरतं का? तू उठेपर्यंत त्यावर कुणी बसायचं नाही. शब्द तुझा. पडल्या पडल्या बोल."

"आणि सर्कशीचा तंबू शिवायला घेतलाय तो? त्याची चार पदरी शिवण लहान मशीनवर जायची नाही."

"हातात दाभणं घेऊ. मशीन यायच्या आधी काय लोक उघड्यावर राहत होते?"

"घरात कुणी ऐकणार नाही, अक्का."

"माझं?" अक्का म्हणाली. "माझं ऐकणार नाही असा माणूस मी घरात ठेवलाय का?"

थोरलीने मान यंत्राकडून दाराकडे वळवली. मग म्हणाली, "यांना आत बोलवा. उद्याचं रद्द करायला सांगते."

घरी मात्र जे व्हायचं ते झालंच. अक्काने सगळ्यांसमोर मोठ्या मशीनचा चामडी पट्टा चाकावरून ओढून काढला आणि मनगटाला गुंडाळला. धाकटी सून भिंतीला टेकून उभी होती, तिच्या हातातली बॉबिन तशीच राहिली.

"अक्का, डोकं ठिकाणावर आहे का?" धाकटा ओरडला. "सर्कसवाले दारात येऊन बसतील!"

"बसू देत. पाणी विचार त्यांना."

"हा तर सरळसरळ पक्षपात झाला," ताई म्हणाली. "रिकामं मशीन दुसरीचं, हा नियम तुझाच ना? तू आजीला लावलास, मग वहिनीला का नाही?"

रिंगा ठोकणारा गडीही मान वर करून बघू लागला.

"माझाच," अक्का म्हणाली. "माझा नियम मी उसवला तर कुणाच्या बापाचं कापड फाटतं?" मग धाकटीकडे वळून, आवाज जरा खाली आणून म्हणाली, "तुझा हात चांगला आहे. मला दिसतो. तुझी पाळी येईल, पण कुणाच्या आजारपणावर पाय देऊन नाही. ये इकडे, हे दाभण धर."

धाकटी आली. ताईने तोंड वाकडं केलं, पण रात्रीच्या गाडीने जायची होती ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी तीही मेण लावलेला दोरा घेऊन बसली. "बोटं फुटली माझी, माहेरपण म्हणतात याला?" असं दर टाक्याला म्हणत.

दादाने थोरलीची खाट बेतायच्या खोलीत आणून टाकली. ते त्याचं त्यालाच सुचलं, आणि अक्काने त्याला त्याबद्दल काही बोलून दाखवलं नाही, म्हणजे शाबासकीच. पहिला आठवडा वाईट गेला. दुखण्याच्या गोळ्याही किडन्यांना चालतील अशाच द्यायच्या, म्हणजे मोजक्याच. कूस बदलायची तर दोघांनी धरायचं. दादा रोज कपाळाला हात लावून ताप बघायचा. तापमापक जवळ असलं तरी त्याचा हातावरच विश्वास. ताप आला नाही. मग एका सकाळी थोरली म्हणाली, मांडी कालच्याइतकी ताठ वाटत नाही. कुणी बोललं नाही, दृष्ट लागेल म्हणून. पुढच्या आठवड्यात किडनीच्या बाईंनी बोट लावून पाहिलं आणि "हं" म्हणाल्या, आणि ते "हं" चांगलं होतं, असं दादाने घरी येऊन तीनदा सांगितलं.

आणि पडल्या पडल्या थोरली बोलत होती. आधी चाचरत, मग नीट. घोड्यांच्या तंबूचं काम घेऊ नका, ते लोक पैसे फार अडवतात. दारावरची पट्टी आडवी लावा. अहो, कापड उलटं बेतताय. सर्कसवाले आले तेव्हा त्यांच्याशी उशीला टेकून तीच बोलली, आणि ते चार दिवस जास्त देऊन गेले.

तंबूचा शेवटचा कोपरा अक्काने स्वतः शिवला. अख्खा ताण ज्यावर येतो तो कोपरा, आठ पदरी. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोन दिवस चष्मा पुसत पुसत तिने तो पुरा केला, आणि खाटेवर नेऊन टाकला.

"बघ."

थोरलीने कोपरा डोळ्यांजवळ धरला. डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने जास्त, टाक्यावर टाका चाचपत गेली. मधेच अंगठा थांबला. परत मागे आला. परत थांबला.

"काय गं?"

"काही नाही."

"काही नाही तर अंगठा का थांबला?"

खोलीतल्या सगळ्यांनी हातातलं काम चालूच आहे असं दाखवलं.

"अक्का, इथून पुढचे टाके तिरके गेलेत. वाऱ्यात सुटतील. उसवा."

धाकट्याच्या तोंडातून बारीक शीळ निघाली आणि ताईने त्याला कोपर मारलं. उभ्या आयुष्यात अक्काची शिवण कुणी उसवायला सांगितली नव्हती. ती थोरलीकडे बघत राहिली आणि थोरलीने नजर खाली घेतली नाही. उलट, कुठून ते नीट दाखवायला म्हणून तिने पांघरूण सारलं, पाय खाली सोडले, आणि कुणी काही म्हणायच्या आत खाटेचा कठडा धरून उभी राहिली. उजवा पाय थरथरला. मग टेकला.

दादा अर्धा उठला होता, तसाच राहिला.

"इथून," थोरली म्हणाली, आणि बोट ठेवलं.

"दिसलं," अक्का म्हणाली. "आता बस खाली, पाय काही कोपऱ्याबरोबर शिवून द्यायचा नाहीये. आणि तुम्ही सगळे तोंडाकडे काय बघता माझ्या? कात्री द्या कुणीतरी."

धाकटीने कात्री दिली. अक्काने कोपरा मांडीवर ओढला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पहिला टाका उसवला.